कीपरच्या डोक्यावर काय चालतं? पुण्यातल्या नव्या गोलकीपरसाठी

गोलकीपरला दुसऱ्याच्या पायांत डोकं घालावं लागतं. मैदानावर इतर कुणाचंही हे रोजचं काम नाही. समोरून फॉरवर्ड सुसाट येतो, चेंडू दोघांच्या मध्ये सुटतो आणि कीपर झेपावतो, तेव्हा त्याचं कपाळ नेमकं गुडघ्यांच्या आणि बुटांच्या उंचीवर आलेलं असतं. तरीही नवा कीपर ग्लोव्हजसाठी कॅम्पातली चार दुकानं पालथी घालतो, आणि डोक्याचा विषय निघतो तो थेट सामन्याच्या दिवशी, रेफ्री त्याच्या टोपीकडे बोट दाखवतात तेव्हा.

तुम्ही किंवा तुमची मुलं पहिल्यांदा स्पर्धेत उतरत असाल तर हे सगळं आधीच बघून ठेवा. स्पर्धा शाळेच्या सुब्रतो कपची जिल्हा फेरी असो, पुणे जिल्हा फुटबॉल असोसिएशनची लीग असो, नाहीतर बाणेर-वाकड-खराडीकडच्या टर्फवरची रविवारची असो. टर्फवाले आयोजक कधी कधी आपले वेगळे नियम लावतात, तेव्हा नाव नोंदवतानाच विचारून घ्यावं. पण पाया सगळीकडे एकच आहे.

आधी नियम समजून घ्या

फुटबॉलचे नियम आंतरराष्ट्रीय फुटबॉल असोसिएशन बोर्ड, म्हणजे आयफॅब, ठरवतं. विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला जे नियम, तेच शिवाजीनगरच्या एस.एस.पी.एम.एस. शाळेच्या मैदानावरच्या लीग सामन्याला. खेळाडूच्या अंगावर काय असावं हे चौथ्या नियमात येतं, आणि त्याचा गाभा एकच: स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होईल असं काहीही घालायचं नाही. खाली जे काही सांगतो आहे ते या वाक्यातूनच निघतं. नवे कीपर बहुतेक वेळा ‘मला लागणार नाही ना?’ एवढाच विचार करतात. रेफ्री मात्र ‘तुझ्यावर येऊन आदळणाऱ्याला लागेल का?’ हेही तेवढ्याच काळजीने बघतात.

डोक्यावरच्या वस्तूंची नियमात तीन खाती आहेत. गोलकीपरची टोपी हे पहिलं. तिला नाव घेऊन परवानगी दिलेली आहे आणि रंगाचं बंधन नाही. डोकं झाकायचं वस्त्र, म्हणजे हिजाब, शीख मुलं केसांवर बांधतात तो पटका, स्कार्फ, हे दुसरं. त्याला रंगाची आणि बांधणीची अट आहे. तिसरं संरक्षक हेडगार्ड. ते मऊ, हलकं आणि पॅडिंगचं असलं पाहिजे. आपली वस्तू कुठल्या खात्यात बसते ते आधी ठरवा. दुसऱ्या खात्याची अट टोपीला लावून विनाकारण अडवलं जाणं, किंवा टोपीची मोकळीक हिजाबला आहे असं समजून चुकीच्या रंगाचं कापड घेऊन येणं, हे दोन्ही घडतं.

टोपी: उन्हासाठी, पण मऊ

पुण्यात दिवाळीनंतर ते थेट मे अखेरपर्यंत संध्याकाळच्या सामन्यात ऊन हा कीपरचा मोठा त्रास असतो. मैदान पूर्व-पश्चिम आखलेलं असेल, आणि शहरातली बरीच मैदानं जागा मिळेल तशी आखलेली आहेत, तर पश्चिमेकडे तोंड असलेल्या कीपरला पाच-साडेपाचनंतर उंचावरून आलेला क्रॉस दिसतच नाही. उत्तर-दक्षिण मैदानावर त्रास कमी असतो. तरी डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, त्यामुळे उत्तरेच्या गोलात उभ्या असलेल्या कीपरला तिरपं ऊन लागतंच.

यावरचा पहिला उपाय टोपी नाही, नाणेफेक आहे. नाणेफेक जिंकणारा संघ कुठल्या गोलवर हल्ला करायचा ते निवडू शकतो. संध्याकाळचा सामना असेल तर कॅप्टनला सांगा, ‘दादा, पहिल्या हाफमध्ये ऊन माझ्या तोंडावर घे, दुसऱ्यात पाठीवर.’ सूर्य जसजसा खाली येतो तसा त्रास वाढतो, त्यामुळे तो उंच असतानाच उन्हाची बाजू उरकून घ्यावी. सकाळच्या सामन्याला याच्या उलट.

आता टोपी. दुकानात टोपी हातात घेतली की तीन जागा तपासा. डोळ्यांवर सावली धरणारी पुढची पट्टी अंगठ्याने दुमडून बघा. ती सहज वाकली पाहिजे आणि सोडल्यावर परत सरळ झाली पाहिजे. आत कडक प्लास्टिकचं पान असेल तर ती टोपी फिरायला जाताना घाला, गोलात नको. मग टोपीच्या शेंड्यावरचं कापडाने मढवलेलं बटण बघा. बेसबॉलच्या धर्तीच्या बऱ्याच टोप्यांमध्ये त्या कापडाखाली धातू असतो. कॉर्नरवर तुम्ही उडी मारून खाली येताना तोच समोरच्याच्या हनुवटीवर बसू शकतो, आणि कुणी वरून आदळला तर तुमच्याच टाळूत रुततो. शेवटी मागची बाजू. धातूचं बक्कल नको. वेल्क्रो किंवा नुसतं इलॅस्टिक हवं.

जुन्या छायाचित्रांत सोव्हिएत संघाचा लेव याशिन सपाट कापडी टोपीत दिसतो. वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा बालों द’ओर पुरस्कार मिळालेला तो आजवरचा एकमेव गोलकीपर, वर्ष १९६३. तशी कापडी, बुटक्या पट्टीची टोपी आजही कीपरला सगळ्यात सोयीची, असं माझं मत आहे. लांब पट्टीची टोपी ऊन जास्त अडवते हे खरं, पण ती चेंडूही अडवते. वर बघायला मान जास्त मागे टाकावी लागते आणि चेंडू पट्टीआडून अचानक बाहेर येतो. नवी टोपी आणलीत की सामन्याआधी दोन-तीन सरावांत कुणाला तरी उंच चेंडू टाकायला सांगा आणि फक्त झेल घ्या. चेंडू कुठल्या कोनात दिसेनासा होतो ते डोळ्यांना कळेपर्यंत हे करा.

टोपी उलटी घालून खेळू नका. पट्टी मानेवर येते, आणि पाठीवर पडलात किंवा डोकं पोलवर आपटलं की ती मानेतच घुसते. ऊन नसेल तेव्हा टोपी काढून ठेवायची, उलटी फिरवायची नाही. कॉर्नरच्या वेळी ऊन दुसऱ्या बाजूला असेल तरीही काढलेली बरी, कारण गर्दीत पुढची पट्टी नेमकी दुसऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर येते. काढलेली टोपी गोलाच्या बाहेर, जाळीच्या मागे, पाण्याच्या बाटलीजवळ ठेवा. गोलरेषेवर ठेवू नका आणि जाळीला अडकवूही नका.

खेळता खेळता टोपी पडली तर तो गुन्हा नाही, खेळ चालू राहतो. पण टोपी हातात धरून चेंडू अडवला किंवा चेंडूवर फेकून मारली, तर ती थेट फ्री किकची चूक आहे. आपल्या पेनल्टी क्षेत्रात झाली तर पेनल्टीच. लहान मुलं गमतीत असं करून बसतात, त्यांना हे आधीच सांगून ठेवा.

हिवाळ्यात पहाटेच्या सरावाला लोकरी कानटोपी घालायची असेल तर साधी, काळी आणि गोंड्याशिवायची घ्या. सामन्यात घालायची असेल तर रेफ्रींना आधी दाखवा.

हिजाब, पटका, स्कार्फ

इथे गैरसमज सगळ्यात जास्त आहेत, म्हणून थोडं मागे जाऊन सांगतो. डोकं झाकून खेळायला काही वर्षं मनाई होती. मानेभोवतीचं कापड ओढलं जाऊन गळा आवळला जाईल ही भीती त्यामागे होती. २०१२ मध्ये आयफॅबने चाचणी म्हणून परवानगी दिली. २०१३ मध्ये कॅनडातल्या क्विबेक प्रांताच्या फुटबॉल संघटनेने पगडी-पटका घालून खेळण्यावर बंदी घातली, तेव्हा कॅनडाच्या राष्ट्रीय संघटनेने तिलाच निलंबित केलं आणि फिफाने परवानगी स्पष्ट केल्यावर ती बंदी मागे घ्यावी लागली. मार्च २०१४ मध्ये आयफॅबने पुरुष आणि स्त्रिया दोघांसाठीही डोकं झाकायची परवानगी नियमांतच घातली. त्यामुळे कोंढव्यातल्या मुलीने हिजाब घालून किंवा खडकीतल्या मुलाने पटका बांधून गोलात उभं राहणं ही कुणी केलेली मेहेरबानी नाही, तो नियम आहे. कुणी ‘हे चालत नाही’ म्हणालं तर नम्रपणे चौथ्या नियमाकडे लक्ष वेधा.

अटी मात्र पाळायच्या. कापड काळं असावं किंवा जर्सीच्या मुख्य रंगाचं असावं, आणि एकाच संघातल्या ज्या ज्या खेळाडूंनी डोकं झाकलं आहे त्यांचा रंग एकच असावा. ते जर्सीला शिवलेलं किंवा टाचलेलं नसावं. गळ्याशी उघड-बंद करायचं बटण, हूक, चेन असं काही धोकादायक नसावं. कुठलाही भाग बाहेर डोकावत नसावा. आणि एकूण पोशाखाला साजेसं, नीटनेटकं दिसावं.

कीपरपुढे यात एक अडचण येते. तिची जर्सी संघापेक्षा वेगळ्या रंगाची असते. ती पिवळ्या जर्सीत आणि डोक्यावर पिवळं कापड, तिची मैत्रीण डिफेन्सला लाल जर्सीत आणि डोक्यावर लाल कापड, असं झालं की ‘एकाच संघाचा एकच रंग’ या अटीवर अडतं. यावर सरळ मार्ग म्हणजे दोघींनी काळंच घ्यावं. काळा रंग प्रत्येक जर्सीवर चालतो, आणि दर सामन्याला कीपरची जर्सी बदलली तरी कापड बदलावं लागत नाही.

हिजाब डोक्यातून घालायचा, एकसंध, ताणला जाणाऱ्या कापडाचा घ्यावा. पिन लावून बसवायचा नको. साधी सेफ्टी पिनसुद्धा झेप घेताना उघडते आणि गळ्याशी टोचते. खालची टोकं आखूड असावीत, म्हणजे कुणाच्या बोटात अडकत नाहीत. घरी घालून जमिनीवर डावीकडे-उजवीकडे दोन-चार वेळा लोळून बघा. डोळ्यांवर सरकला तर माप मोठं झालंय.

पटक्याचं कापड घट्ट आणि सपाट बांधावं, शेवटचं टोक आत खोचावं. बांधताना केस आत सारायला जी धातूची सळई वापरतात ती काढून घ्यायला विसरू नका. केसांत कंगा, म्हणजे शीख धर्मातला लाकडी कंगवा, असेल तर सामन्याच्या वेळी काय करायचं ते घरच्या वडीलधाऱ्यांशी आणि प्रशिक्षकांशी आधीच बोलून ठरवा. मैदानाच्या कडेला, शिट्टी वाजायच्या दोन मिनिटं आधी, लहान मुलाला या प्रश्नात एकटं पाडू नये.

केसांतलं आणि कानातलं

क्लचर, टिकटॉक पिना, यू पिना, कडक प्लास्टिकचा हेअरबँड: यातलं काहीही डोक्यात नको. तुळशीबागेत कापडी रबरबँड मिळतात, ते पुरतात. वेणी असेल तर अंबाडा न घालता मागे खाली बांधा; अंबाड्यावर पाठ टेकून पडलं की मानेला झटका बसतो.

दागिने सगळे काढायचे. कानातली कुडी, बाळी, नथ, मुलांच्या कानातली भिकबाळी, गळ्यातली साखळी. चिकटपट्टी लावून झाकलं तर चालतं, असं अजूनही पुष्कळ जण सांगतात. ते चुकीचं आहे, नियमात चिकटपट्टीला स्पष्ट मनाई आहे. नुकत्याच टोचलेल्या कानातली बाळी लगेच काढता येत नाही, म्हणून मुलांचे कान टोचायचे असतील तर हंगाम संपल्यावर टोचा.

चष्मा असेल तर खेळाचा चष्मा चालतो: काचेऐवजी पॉलिकार्बोनेटची भिंगं आणि डोक्यामागून जाणारा पट्टा. घरचा धातूच्या काड्यांचा चष्मा अजिबात नको. आणि टर्फवर काही मुलं डोक्यावर छोटा कॅमेरा बांधून गोलात उभी राहतात. कपाळावर बांधलेली टणक, बाहेर आलेली वस्तू ही दोघांसाठीही धोक्याची. व्हिडिओ हवा असेल तर कॅमेरा गोलामागे स्टँडवर लावा.

हेडगार्ड: काय करतं आणि काय करत नाही

१४ ऑक्टोबर २००६ रोजी रीडिंगविरुद्धच्या सामन्यात चेल्सीचा कीपर पेत्र चेक जमिनीलगतच्या चेंडूवर झेपावला आणि स्टीफन हंटचा गुडघा त्याच्या डोक्यावर बसला. कवटीचं हाड आत दबलं, शस्त्रक्रिया करावी लागली. त्याच सामन्यात त्याच्या जागी आलेला कार्लो कुदिचिनीही डोक्याला मार लागून बेशुद्ध झाला. चेक जानेवारी २००७ मध्ये परतला तो रग्बीच्या खेळाडूंसारखं मऊ हेडगार्ड घालून, आणि २०१९ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते त्याच्या डोक्यावर राहिलं. त्याच्यामुळे जगभरच्या मुलांना हे हेडगार्ड माहीत झालं. पुण्यातही पालक विचारतात, ‘सर, ते चेकसारखं घेऊ का?’

घ्यायला हरकत नाही. पण ते कशासाठी आहे हे नीट समजून घ्या. कातडी फाटणं, खोक पडणं, टेंगूळ येणं, बुटाचा किंवा पोलचा फटका एकाच जागी बसणं, यात पॅडिंगचा उपयोग होतो. मेंदूला बसणारा हिसका मात्र ते थांबवत नाही. मेंदू कवटीत द्रवात तरंगतो. डोकं झटक्यात फिरलं किंवा थांबलं की तो आत हलतो. पातेल्याला बाहेरून कितीही जाड फडकं गुंडाळलं तरी हिसका बसला की आतलं ताक हिंदकळतंच. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात २,७०० हून अधिक शाळकरी फुटबॉलपटूंवर केलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. हेडगार्ड घालणाऱ्यांत कन्कशनचं, म्हणजे मेंदूला बसणाऱ्या धक्क्याचं, प्रमाण कमी झालेलं त्यात दिसलं नाही.

मला खरी काळजी वाटते ती याची, की हेडगार्ड चढवलं की मुलं जास्त बेधडक होतात. ते घालूनही झेपेचं तंत्र तेच राहतं. चेंडूच्या मागे अंग आडवं टाकायचं, हात पुढे, डोकं हातांच्या मागे. उंच चेंडूला एक गुडघा वर उचलायचा. आणि निघताना ‘कीपर!’ असं मोठ्याने ओरडायचं, म्हणजे आपलेच डिफेंडर अंगावर येत नाहीत. तोंडावर पडून, डोकं पुढे करून झेपावणं ही सगळ्यात वाईट सवय. ५ सप्टेंबर १९३१ रोजी ग्लासगोत सेल्टिकचा तरुण कीपर जॉन थॉमसन रेंजर्सच्या फॉरवर्डच्या पायांपाशी झेपावला, गुडघा डोक्याला लागून कवटी फुटली आणि त्याच रात्री तो गेला. धाडस हे कीपरचं बळ आहे, पण मुलांना आधी डोकं हातांमागे ठेवायला शिकवा.

घेताना माप घ्या. शिवणकामाची टेप भुवयांच्या वर आणि कानांच्या वरून, डोक्याच्या मागच्या फुगीर भागावरून फिरवा. जे सेंटिमीटर येतील ते मापाच्या तक्त्याशी जुळवा. ‘पुढच्या वर्षीही होईल’ म्हणून एक माप मोठं घेऊ नका. सैल हेडगार्ड नेमकं धडक बसताना डोळ्यांवर येतं. घालून डोकं जोरात हो-नाही हलवा. हेडगार्ड कातडीसोबत हललं पाहिजे, कातडीवरून घसरलं नाही पाहिजे. हनुवटीखालचा पट्टा वेल्क्रोचा हवा, प्लास्टिकचं किंवा धातूचं बक्कल नको. पट्टा लावल्यावर त्याखाली दोन बोटं जेमतेम जावीत. कानाच्या जागी भोकं हवीत, कारण मागून डिफेंडरने मारलेली हाक ऐकू आलीच पाहिजे.

फुटबॉलच्या हेडगार्डसाठी अमेरिकेत एएसटीएम एफ२४३९ हे मानक आहे; लेबलवर ते दिसलं तर चांगलंच. रग्बीची मऊ स्क्रम कॅपही चालते. ‘फिफा मान्य’ असा शिक्का दाखवून कुणी जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका. मैदानावर शेवटचा शब्द रेफ्रींचा असतो, शिक्क्याचा नाही. जुन्या बाजारातून किंवा कुणाचं वापरलेलं घेणं टाळा. आतला फोम दबलेला असतो आणि वरून दिसत नाही.

क्रिकेटचं, स्केटिंगचं किंवा सायकलचं हेल्मेट सामन्यात चालत नाही, सरावातही घालू देऊ नका. त्याचं कवच टणक असतं. तुम्ही सुरक्षित राहाल, पण तुमच्यावर आदळणाऱ्या मुलाचं नाक किंवा दात जाईल.

नाक किंवा गालाचं हाड मोडल्यानंतर मास्क लावून परतायचं असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा. पण चिठ्ठी म्हणजे रेफ्रींची परवानगी नव्हे. मास्क त्यांना हातात घेऊन तपासू द्या.

हेडगार्ड हाताने, साध्या साबणाने धुवा आणि सावलीत वाळवा. सराव संपला की ते दुचाकीच्या डिकीत टाकून दुसऱ्या दिवसापर्यंत विसरणं हे पुण्यात सर्रास चालतं. एप्रिलच्या उन्हात डिकीत फोम कडक होतो आणि पावसाळ्यात ओल्याला बुरशी धरते. दाबल्यावर फोम लगेच परत फुगत नसेल किंवा शिवण उसवली असेल तर नवं घ्या.

सामन्याच्या दिवशी

सामना सुरू होण्याआधी सगळ्यांचं साहित्य तपासलं जातं, बदली खेळाडूंचंही. त्या वेळी डोक्यावर असेल ते दाखवाच, आणि नंतर घालायचं असेल तेही दाखवा. ‘सर, ऊन समोर आलं तर ही टोपी घालणार आहे, आत्ताच बघून घ्याल का?’ एवढं वाक्य पुरतं. हेडगार्ड रेफ्रींच्या हातात द्या, दाबून बघू द्या. पिशवीत दुसरी साधी मऊ टोपी असू द्या. एक नाकारली तर अडून बसायला नको.

रेफ्रींनी एखादी वस्तू काढायला सांगितली तर काढा. वाद घालायचा तो प्रशिक्षकांनी, सामना संपल्यावर. काढायला नकार दिला किंवा काढलेली वस्तू पुन्हा चढवली तर पिवळं कार्ड मिळतं. खेळ चालू असताना काही आक्षेपार्ह दिसलं तर रेफ्रींना खेळ लगेच थांबवण्याची गरज नाही. चेंडू थांबला की ते दुरुस्त करायला बाहेर जायला सांगतात. परत येताना साहित्य तपासून, त्यांची परवानगी घेऊनच आत यायचं. कीपरच्या बाबतीत यातून मोठा घोळ होऊ शकतो, कारण संघाला गोलात कुणी तरी हवंच. तुम्ही टोपीपायी बाहेर गेलात तर एखाद्या डिफेंडरला रेफ्रींना सांगून, वेगळी जर्सी घालून गोलात उभं राहावं लागेल. तपासणीच्या वेळची दोन मिनिटं म्हणूनच महत्त्वाची.

पोलकडेही एक नजर टाका. हलवता येणारे गोल जमिनीला पक्के बांधलेले हवेत, हाही नियमच आहे. टर्फवर जाळी धरणारे लोखंडी खांब गोलाच्या अगदी जवळ असतात; त्यांना फोम गुंडाळलेला नसेल तर तसं सांगून गुंडाळून घ्या. डोक्यावरचं कुठलंही हेडगार्ड लोखंडी खांबापुढे कमीच पडतं.

डोक्याला मार लागला तर

हा भाग पालकांनी आणि प्रशिक्षकांनी नीट वाचावा. इतर खेळाडूंवर मैदानात उपचार झाले की सहसा त्यांना बाहेर जावं लागतं. जखमी कीपरला जावं लागत नाही. ही सवलत खेळ सुरळीत चालावा म्हणून आहे. पण तिचा उपयोग बऱ्याचदा उलटा होतो. कीपर पडतो, तोंडावर पाणी मारलं जातं, ‘ठीक आहेस ना?’ विचारलं जातं, तो मान डोलावतो आणि खेळ सुरू. कन्कशन झालेला मुलगा ‘मी ठीक आहे’च म्हणतो. त्याच्या शब्दावर निर्णय घेऊ नका.

डोकेदुखी, गरगरणं, मळमळ, डोळ्यांपुढे धूसर, उजेड सहन न होणं, तोल जाणं, उत्तर द्यायला वेळ लागणं, एकदम रडू येणं किंवा चिडणं: यातलं एकही दिसलं तर त्या दिवशीचा खेळ संपला. साधे प्रश्न विचारा. आपण कुठल्या मैदानावर आहोत? शेवटचा गोल कुणी केला? मागचा सामना कुणाशी होता? अडखळला तर बाहेर. उत्तरं बरोबर आली तरी शंका असेल तर बाहेरच.

बेशुद्ध पडला, झटके आले, मान दुखते म्हणाला, हातापायांत मुंग्या किंवा अशक्तपणा आला, एकाचे दोन दिसू लागले, उलट्या झाल्या किंवा डोकेदुखी वाढतच गेली तर १०८ ला फोन करा. तोवर त्याला हलवू नका, मानेला धक्का लागू देऊ नका. हेडगार्ड घातलेलं असेल तर ओढून काढू नका. श्वासाला अडथळा होत नसेल तर ते तसंच राहू द्या.

स्पर्धेत कन्कशनसाठी वेगळा बदली खेळाडू देण्याची तरतूद आहे का, हे आयोजकांना आधी विचारा. जुलै २०२४ पासून नियमांत ही सोय आहे, पण ती लागू करायची की नाही हे प्रत्येक स्पर्धा ठरवते. बदली संपलेले असले तरी डोक्याला लागलेला कीपर गोलात ठेवायचा नाही. दुसऱ्या कुणाला तरी ग्लोव्हज द्या.

मार लागलेल्याला घरी एकटं पाठवू नका आणि दुचाकी चालवू देऊ नका. डॉक्टरांना दाखवा. पहिले एक-दोन दिवस हलकी विश्रांती घ्यावी, मोबाइल कमी वापरावा. मग आधी शाळा आणि अभ्यास नेहमीसारखा सुरू व्हावा, त्यानंतर हलकं चालणं-धावणं, मग चेंडूचा हलका सराव, मग डॉक्टरांच्या परवानगीने झेपा आणि धडका, आणि शेवटी सामना. दोन टप्प्यांमध्ये किमान एक दिवस जाऊ द्या. लक्षणं परत आली तर एक पायरी मागे या. शाळेच्या क्रीडाशिक्षकांना हे लेखी कळवा. नाहीतर पुढच्या सामन्याच्या यादीत त्याचं नाव असतं, आणि मित्र बोलावताहेत म्हणून तो जातोही. नवं हेडगार्ड घेऊन दिलं म्हणून यातला एकही दिवस कमी करू नका.